धंदा जयपुरात, दावा कोलकात्यात

जयपूरच्या एका कंपनीकडे इंडियन ऑइलची वंगणतेले विकण्याची एजन्सी होती. माल जयपुरात उतरायचा आणि विकलाही तिथूनच जायचा. पुढे दोघांत वाद झाला, तेव्हा लवाद नेमून मिळावा म्हणून कंपनीने राजस्थान उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पण करारात एक छोटेसे कलम होते: हा करार कोलकात्याच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहील. त्यात ‘फक्त कोलकाता’ असे कुठे म्हटले आहे, हा कंपनीचा सवाल. ‘फक्त’ हा शब्द नसला तरी अर्थ तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितले आणि दाद मागायला कोलकात्याची वाट दाखवली. ‘स्वस्तिक गॅसेस’ या नावाने हा निकाल ओळखला जातो.

असे कलम बहुतेक छापील करारांत अगदी शेवटी, स्वाक्षऱ्यांच्या जरा वर असते. दर, मुदत आणि कमिशन यांवर तासन्‌तास घासाघीस करणारा व्यापारी तिथवर पोहोचेपर्यंत खिशातून पेन काढून बसलेला असतो.

करार एकतर्फी असला तर न्यायालय सांभाळून घेईल, ही समजूत व्यवसायात फारशी कामाला येत नाही. १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट या सरकारी महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांच्या नोटिशीवर कर्मचाऱ्याला काढून टाकण्याची अट अन्यायकारक ठरवून रद्द केली होती. दुबळ्या बाजूला दिलासा देणारा म्हणून तो निकाल गाजला. मात्र त्याच निकालात न्यायालयाने एक पुस्ती जोडून ठेवली आहे: दोन्ही बाजू व्यावसायिक असतील आणि व्यवहार व्यापारी असेल, तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. नोकरदाराला जी सहानुभूती मिळते, ती दुकानदाराला मिळेलच असे नाही.

सहीचे वजन त्याच्याही आधीपासून ठरलेले आहे. वेल्समधल्या लँडुडनो गावात कॅफे चालवणाऱ्या एका बाईंनी सिगारेट विकणारे यंत्र घेतले. यंत्र धड चालेना. पण त्यांनी सही केलेल्या तपकिरी कागदावर, बारीक टायपात, विक्रेत्याची हमीची जबाबदारी काढून टाकलेली होती. कागद वाचला होता की नाही हा मुद्दाच गैरलागू, असे इंग्लंडच्या न्यायालयाने १९३४ मध्ये ठरवले. तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो.

सर्वांत महाग पडणारी सही मात्र वैयक्तिक हमीची. ‘साहेब, नावापुरती आहे,’ असे म्हणून तो कागद पुढे सरकवला जातो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, हमीपत्रात वेगळे काही लिहिले नसेल तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कंपनी दिवाळखोरीत गेली, तिच्या कर्जाची तडजोड झाली, तरी संचालकाने स्वतः दिलेली हमी आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केले. कंपनी ‘मर्यादित’ असली तरी त्या एका सहीने राहते घर वसुलीच्या टप्प्यात येऊ शकते.

सहीआधी वकिलाला गाठायचे ते फक्त धोके मोजायला नव्हे. करारातली काही कलमे नुसती धाक घालणारी असतात. काम थांबल्यावर पाच वर्षे हा धंदा करणार नाही, असे लिहून घेतले तरी करार कायद्याच्या कलम २७ खाली अशी बंदी सहसा टिकत नाही. धंद्याची पत विकत दिली असेल तर गोष्ट वेगळी. करार मोडल्यास दहा लाख दंड, असे लिहिले म्हणून दहा लाख द्यावेच लागतात असे नाही. त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा कमाल मर्यादा असते, भरपाई वाजवी तेवढीच. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या पुरवठादाराशी मोठ्या कंपनीने नव्वद दिवसांची उधारी ठरवली, तरी २००६ चा कायदा ४५ दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही. त्यानंतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. हे ठाऊक असलेला लघुउद्योजक बोलणी करताना वेगळ्या सुरात बोलतो.

महाराष्ट्रात आणखी दोन जागी हमखास पाय घसरतो. गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला आणि नोटरी केली की झाले, असे अनेकांना वाटते. नोटरी सही कोणाची ते पाहतो, अटी तपासत नाही. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खोटे ठरवायचे तर मालकाने पुरावा द्यायचा. दुसरी जागा भागीदारीची. नोंदणी न केलेल्या पेढीला कराराच्या आधारे बाहेरच्या देणेकऱ्यावर दावा लावता येत नाही, हे १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९. मित्रामित्रांत कागद कशाला, म्हणणाऱ्यांची थकबाकी इथेच अडकते.

सल्ला घ्यायचा तो मसुदा हातात असताना. मुद्रांकाच्या कागदावर छापून आल्यावर बदल सुचवणे दोन्हीकडच्यांना जड जाते. वकिलाला निव्वळ कागद पाठवून भागत नाही. तोंडी काय ठरले, पैसे कधी यायचे, बाहेर पडायची वेळ आली तर काय, हेही सांगावे लागते. लेखी कराराच्या विरुद्ध जाणारे तोंडी आश्वासन न्यायालयात सहसा पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून ‘ते आपण बघून घेऊ’ असे समोरचा म्हणाला की ते वाक्य मसुद्यात घालायला सांगावे. तो कचरला, तर सहीआधीच उत्तर मिळाले.

फीची अडचण असेल तर आणखी एक दार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सेवेस पात्र आहेत आणि कायदेशीर सल्ला हा त्या सेवेचाच भाग आहे. खानावळ, शिवणकाम किंवा मसाल्यांचा व्यवसाय करणाऱ्या महिलांनी मोठ्या खरेदीदाराचा करार हाती येताच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे तो घेऊन जावा, किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.