टोनी फोर्ड : 931 सामन्यांचा मिडफिल्डर

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये सर्वांत जास्त सामने खेळलेला माणूस म्हणजे पीटर शिल्टन. 1986 च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने मारलेला चेंडू ज्याच्या डोक्यावरून जाळ्यात गेला, तोच हा गोलरक्षक. त्याच्या नावावर 1005 लीग सामने आहेत. पण गोलरक्षकाला नव्वद मिनिटं मैदानभर पळावं लागत नाही. पळणाऱ्यांमध्ये पहिला कोण, याचं उत्तर इंग्लंडमध्येही अनेकांना सांगता येत नाही. टोनी फोर्ड. लीग सामने 931.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर नवल नाही. फोर्ड कधी इंग्लंडच्या मुख्य संघात आला नाही, अव्वल श्रेणीतल्या क्लबमध्ये स्थिरावला नाही. ग्रिम्सबी, स्टोक, वेस्ट ब्रॉम, स्कनथॉर्प, मॅन्सफिल्ड, रॉचडेल ही त्याच्या नोकरीची गावं. आपल्याकडे शनिवारी रात्री टीव्हीवर दिसतं ते प्रीमियर लीग म्हणजे इंग्लिश फुटबॉलचा वरचा मजला. इंग्लंडच्या चारही श्रेणींत मिळून एकूण क्लब 92. त्यातले वरचे 20 सोडले तर बाकीचे 72 खालच्या तीन श्रेणींत आहेत, आणि इंग्लंडमधले बहुतेक व्यावसायिक फुटबॉलपटू तिथेच पोट भरतात.

विक्रम खालच्या श्रेणीतल्या माणसाकडे असण्यामागे साधं गणित आहे. प्रीमियर लीगमध्ये एका मोसमात 38 लीग सामने होतात. खालच्या श्रेणींत 24 संघ, म्हणून 46 सामने. शिवाय मोठ्या क्लबकडे एका जागेसाठी तीन-तीन खेळाडू असतात, युरोपच्या सामन्याआधी कुणाला तरी बसवलं जातं. रायन गिग्ज मँचेस्टर युनायटेडकडून तेवीस-चोवीस मोसम खेळला, तरी त्याचे लीग सामने 672 च झाले. खाली अशी चैन नाही. शनिवारी दुपारी तीनला सामना, मंगळवारी रात्री पुन्हा सामना, मध्ये बसचा प्रवास. घोटा सुजला तरी पट्टी बांधून उतरायचं, कारण बाकावर दुसरा कुणी नसतो. फोर्डने सुरुवात केली तेव्हा तर संघाला एकच बदली खेळाडू उतरवता येत असे.

फोर्डचा जन्म 1959 चा, ग्रिम्सबीचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं बंदर. क्लबचं टोपणनावच 'मरिनर्स', म्हणजे दर्यावर्दी. 4 ऑक्टोबर 1975 रोजी तो पहिला सामना खेळला तेव्हा त्याचं वय होतं 16 वर्षं 143 दिवस. क्लबच्या इतिहासात इतक्या लहान वयात कुणी खेळलं नव्हतं. पुढच्याच वर्षी आइसलंडबरोबरचा माशांचा वाद ब्रिटनच्या अंगावर शेकला. आइसलंडभोवतीच्या समुद्रात ब्रिटिश ट्रॉलरना बंदी झाली आणि ग्रिम्सबीच्या गोदीचा कणा मोडला. गाव उतरणीला लागलं, पण फुटबॉलचा संघ मात्र वर चढला. 1979 मध्ये चौथ्या श्रेणीतून तिसऱ्या आणि लगेच 1980 मध्ये तिसरी श्रेणी जिंकून दुसऱ्या. उजव्या बगलेवर होता गावातलाच पोरगा फोर्ड. अकरा वर्षांत तो ग्रिम्सबीसाठी साडेतीनशेहून अधिक लीग सामने खेळला. मध्ये काही आठवडे सन्डरलंडकडे उसना गेला, आणि मग 1986 मध्ये स्टोकने त्याला घेतलं.

1989 मध्ये तो वेस्ट ब्रॉमला गेला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या 'ब' संघातर्फे दोनदा खेळला. तिशीला आलेल्या, दुसऱ्या श्रेणीतल्या विंगरसाठी ही मोठी गोष्ट. मुख्य संघाचं दार काही उघडलं नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचा खरा मासला इथून पुढे दिसतो, कारण बहुतेक विंगर या वयात संपतात. पाय मंदावले की बगलेवरून पळणाऱ्याचा उपयोग राहत नाही. फोर्डने काय केलं? तो मागे सरकला. विंगरचा मिडफिल्डर झाला, मिडफिल्डरचा उजवा बचावपटू. वेग कमी झाला तशी जागा वाचायची हुशारी वाढली, आणि प्रत्येक नव्या व्यवस्थापकाला हा माणूस कुठेतरी लागतच राहिला.

1991 मध्ये तो ग्रिम्सबीला परतला, 1994 मध्ये शेजारच्या स्कनथॉर्पला गेला. हा स्कनथॉर्प क्लब क्रिकेटवाल्यांनाही जवळचा वाटावा : इयन बोथम इथे अकरा लीग सामने खेळला आहे. फोर्ड तिथे होता तेव्हा त्याच ड्रेसिंग रूममध्ये ग्रॅहम अलेक्झांडर नावाचा तरुण मिडफिल्डर होता. पुढे फोर्डप्रमाणेच अलेक्झांडरनेही सर्व स्पर्धा धरून हजाराहून अधिक सामने खेळले आणि सदतिसाव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये पदार्पण केलं. हजारी गाठणारे असे दोघं चौथ्या श्रेणीतल्या एका क्लबमध्ये एकाच मोसमात असावेत, हा योगायोग मला फार आवडतो.

1996 मध्ये वाटलं की संपलं. सदतीस वर्षांचा फोर्ड लीगबाहेरच्या बॅरो क्लबमध्ये होता. 1987 पूर्वी इंग्लंडमध्ये लीगच्या अगदी तळाच्या संघाला आपोआप लीगबाहेर ढकलत नसत. बाकीचे क्लब मतदान करून त्याला ठेवायचं की काढायचं ते ठरवत. बॅरोला 1972 मध्ये असंच मतदानाने काढलं होतं, आणि परत यायला 2020 उजाडलं. फोर्ड मात्र काही महिन्यांतच परत आला. मॅन्सफिल्डचा तरुण खेळाडू-व्यवस्थापक स्टीव्ह पार्किन याला मदतनीस हवा होता, जो शिकवेलही आणि गरज पडली तर खेळेलही. गरज रोजच पडली. पार्किन 1999 मध्ये रॉचडेलला गेला तेव्हा फोर्डही गेला. हेच ते गाव जिथे 1844 मध्ये विणकरांनी सहकारी दुकान काढलं. सहकाराच्या आपल्या पुस्तकांत त्याचं नाव हमखास असतं. रॉचडेलचा फुटबॉल क्लब मात्र 1974 पासून 2010 पर्यंत सलग तळाच्या श्रेणीत अडकलेला. तिथे चाळिशी ओलांडलेला सहप्रशिक्षक उजव्या बचावात उभा राहायचा आणि समोरचा विंगर कधी कधी त्याच्या निम्म्या वयाचा असायचा.

एव्हाना आकडे वर गेले होते. बगलेवरून खेळणाऱ्या टेरी पेनचा 824 लीग सामन्यांचा जुना विक्रम मागे पडला होता. सर्व स्पर्धा धरून हजाराचा टप्पाही ओलांडला होता, आणि तो गाठणारा गोलरक्षक नसलेला पहिला इंग्लिश लीग खेळाडू फोर्डच. ब्रिटिश सरकारने त्याला एमबीई किताब दिला.

हा विक्रम मोडेल का? अव्वल क्लबमधला कुणी मोडेल असं मला वाटत नाही. मोडलाच तर खालच्या श्रेणीतलाच कुणी मोडेल, पण तिथेही आता पाच बदली खेळाडू उतरवता येतात आणि करार एक-दोन वर्षांचे असतात. एमके डॉन्सचा डीन ल्युइंग्टन चाळिशीपर्यंत टिकला, एकाच क्लबसाठी सर्वाधिक लीग सामन्यांचा विक्रमही त्याने केला. 2025 मध्ये तो थांबला तेव्हा 931 दूरच होते.

नोव्हेंबर 2001 मध्ये पार्किनला बार्न्सलीने बोलावलं आणि फोर्ड सहप्रशिक्षक म्हणून त्याच्याबरोबर गेला. तेव्हा तो 42 वर्षांचा होता. बार्न्सलीकडून तो एकही सामना खेळला नाही.