ठेकेदाराची हजेरी वही

बांधकामाच्या फलकावर विकासकाचे नाव असते, आर्किटेक्टचे असते, महारेराचा क्रमांक असतो. सेंट्रिंग कोणाचे, प्लास्टर कोणाच्या हातचे, हे मात्र कुठे लिहीत नाहीत. पुण्या-मुंबईतले टॉवर असोत की तालुक्याच्या गावातला बंगला, प्रत्यक्ष काम वाटले जाते ते सेंट्रिंग, सळई, ब्लॉक, प्लंबिंग, टाइल, रंग अशा एकेका कसबाच्या छोट्या ठेकेदारांत. राज्यातल्या बांधकामाचा रोजगार मुख्यतः त्यांच्याच हातात आहे.

यातले बरेचसे ठेकेदार मुळात कारागीरच. आधी बिगारी म्हणून घमेली उचलायची, मग थापी हातात यायची, मिस्त्री व्हायचे आणि चार माणसे जमली की काम अंगावर घ्यायचे. दर स्क्वेअर फुटावर ठरतो, बहुधा नुसत्या मजुरीचा. बिल टप्प्याटप्प्याने निघते, त्यातलीही काही रक्कम काम संपेपर्यंत अडकून राहते. माणसांना मात्र आठवड्याच्या आठवड्याला खर्ची द्यावीच लागते. म्हणून हातात कसब असूनही भांडवलाअभावी ठेकेदार बुडतो.

हे कसब कशात असते ते प्लास्टरच्या भिंतीपाशी उभे राहिले की कळते. मिस्त्री आधी ओळंबा सोडून भिंतीवर जागोजागी लेव्हलचे ठिपके बांधतो. मग थापीने माल फेकतो, ठिपक्यांवरून पट्टी ओढतो, खड्डा दिसला की पुन्हा माल भरतो आणि शेवटी रंधा फिरवतो. माल किती ओला हवा आणि रंधा नेमका केव्हा लावायचा, हे हातालाच कळते. रंधा लवकर लावला तर माल सरकतो, उशीर झाला तर घोटला जात नाही.

आता हेच काम आकसत चालले आहे. मायव्हान पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. वीटकाम जवळपास उरत नाही, आतले प्लास्टरही बहुतेक वाचते. जिथे ब्लॉक वापरतात तिथे एक एएसी ब्लॉक आठ-नऊ विटांची जागा घेतो. जिप्सम प्लास्टरला पाणी मारावे लागत नाही. खोदाई जेसीबीने केव्हाच नेली. पिढ्यान् पिढ्या दगड-मातीचे काम करणाऱ्या वडार समाजाला त्याची झळ आधी बसली. उलट साचे जोडणारे, मोठ्या टाइल बसवणारे आणि वॉटरप्रूफिंग करणारे यांची मागणी वाढली आहे. थोडक्यात, काम संपलेले नाही, ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले आहे.

हे हात दुरून येतात. प्लंबिंगसाठी ओडिशाचा केंद्रापाडा जिल्हा देशभर ओळखला जातो. मार्बल आणि टाइलच्या कामात राजस्थानी कारागीर भेटतात, सळईवर बंगाल-झारखंडची माणसे. 2020 च्या टाळेबंदीत हे लोक गावी निघाले आणि त्यांच्यावाचून साइट हलत नाही हे सगळ्यांनीच पाहिले.

या कामगारांसाठी 1996 चा केंद्रीय कायदा आला. राज्याचे कल्याणकारी मंडळ 2011 मध्ये स्थापन झाले. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून त्याला पैसा मिळतो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून उपचारांपर्यंतच्या योजना त्यातूनच चालतात. नोंदणीसाठी वय 18 ते 60 हवे आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. घोडे अडते ते इथेच. कामगार एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. हजेरी असते ती ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत, आणि काम संपले की ती वहीही जाते.

त्यामुळे घर बांधायला काढाल तेव्हा स्क्वेअर फुटाच्या दरावर घासाघीस जरूर करा, पण त्याच बैठकीत ठेकेदाराला आणखी एक गोष्ट विचारा: ‘माणसांची हजेरी लिहिता का, आणि दाखल्यावर सही देता का?’ या सहीचा त्याला खर्च काहीच नाही. ती नसेल तर कामगाराच्या वाट्याचा पैसा मंडळाकडेच पडून राहतो.