भूकंप आणि घरातले मुके जीव

भूकंप झाला की खाली बसा, डोकं झाका, भक्कम टेबलाखाली जा, हे आपल्याला आता पाठ झालंय. पण घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर त्यांचं काय, याचा विचार आपण सहसा करत नाही. आज त्याबद्दल बोलू.

पहिला प्रश्न हमखास येतो: जनावरांना भूकंप आधी कळतो का? भूकंपाच्या दोन मुख्य लहरी जमिनीतून येतात. प्राथमिक लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येते, पण ती सौम्य असते. दुय्यम लहर साधारण साडेतीनच्या वेगाने येते, आणि जोराचा हादरा तिचा. केंद्र ७० किलोमीटरवर असेल तर दोघींत सुमारे ८ सेकंदांचं अंतर पडतं. पहिली लहर कुत्र्याला जाणवते, आपल्याला बहुधा नाही. म्हणून तो 'आधी' भुंकतो. याहून आधी, दिवसदोन दिवस अगोदर कळतं, याला भरवशाचा पुरावा नाही. तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. तोच आपल्यावर विसंबून आहे.

२०११ साली जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुवीज केंद्राभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा केला गेला. दोन दिवसांत परत येऊ, असं समजून अनेकांनी जनावरं घरीच ठेवली. पुढे तिथे जायलाच बंदी झाली. या अनुभवानंतर २०१३ मध्ये जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने मार्गदर्शिका काढली. तिचं सूत्र एकच: घर सोडताना जनावर सोबत घ्या. यात माणसांचाही जीव वाचतो, कारण मागे राहिलेल्या मांजरासाठी माणूस तडा गेलेल्या घरात पुन्हा शिरतो.

पण सोबत घ्यायचं म्हटलं तरी घाबरलेलं मांजर ऐनवेळी पिशवीत जाईल का? नाही. म्हणून तयारी आधी करायची. न्यायची टोपली माळ्यावर टाकू नका. घरात उघडी ठेवा, अधूनमधून खाऊ तिच्यातच द्या. गळपट्ट्यावर फोन नंबर हवा. आपल्यासोबतचा एक फोटो मोबाइलमध्ये हवा, हरवलं तर ओळख पटवायला. आठवडाभराचं खाणं, पाणी, औषधं आणि लसीकरणाचे कागद एका पिशवीत ठेवा. त्याची झोपायची जागा कपाटाखाली नको, आणि कपाट भिंतीला पक्कं करा. आपण ऑफिसात असताना हादरा बसला तर? किल्ली असलेला एक शेजारी ठरवून ठेवा.

हादरे चालू असताना त्याला उचलायला धावू नका. आधी स्वतःला सांभाळा. भेदरलेलं जनावर मालकालाही चावतं. हादरे थांबले की आधी चप्पल घाला, दारं लावा, कुत्र्याला पट्टा बांधा. फुटक्या काचा त्याच्या पंजांत जातात. मांजर पलंगाखाली, कपाटामागे दडलेलं असतं. ओढू नका, हळू आवाजात बोलवा. नंतरचे धक्के येतच राहतात, त्यामुळे नेहमी शांत असलेला कुत्राही काही दिवस बुजलेला राहील. रागावू नका.

आता गोठ्याबद्दल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अशा भिंतीलगत दावणीला बांधलेल्या जनावराला तर पळायलाही वाव नसतो. म्हणून दावं कच्च्या भिंतीपासून लांब बांधा, आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारा. अंधारात, थरथरत्या हातांनी पक्की गाठ सुटत नाही.

कोयना असो, पालघर असो, धरणीकंप सांगून येत नाही. आज घरी गेल्यावर एवढं तरी करू या: माळ्यावरची टोपली खाली काढू, आणि तिचं झाकण उघडं ठेवू.