आधी रोगी, मग ग्रंथ

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शरीररचनेची शेकडो नावे पाठ करावीत, परीक्षेत पहिला वर्ग मिळवावा, आणि "पायांतले बळच गेले हो" असे म्हणणारा रोगी समोर बसताच गोंधळून जावे, हा अनुभव वैद्यकीय महाविद्यालयांना नवा नाही. दोष बुद्धीचा नसतो. प्रश्न पडण्यापूर्वीच उत्तरे हाती आलेली असतात, म्हणून ती मनात रुजत नाहीत.

हा क्रम फिरविण्याचे धाडस कॅनडातील हॅमिल्टन शहरी असलेल्या मॅकमास्टर विद्यापीठाने केले. तेथे नव्या वैद्यकीय विद्यालयाची उभारणी १९६५ मध्ये जॉन इव्हान्स या तरुण अधिष्ठात्याकडे सोपविण्यात आली. विद्यालयच नवे, तेव्हा मोडावयास जुनी परंपरा नव्हती. १९६९ मध्ये सुमारे वीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. व्याख्यानमाला जवळजवळ नाहीत, रूढ परीक्षा नाहीत. पाच-सहा विद्यार्थी, एक मार्गदर्शक आणि एक रोगी, एवढाच संसार.

हे चालते कसे, ते उदाहरणाने पाहू. समजा, पन्नाशीच्या एका माणसाचे पाय सुजले आहेत, एवढेच विद्यार्थ्यांना सांगितले. आपणांस काय ठाऊक आहे आणि काय नाही, याची यादी ते प्रथम करतात. पाणी पायांतच का उतरावे? हृदय दुबळे झाले तर नीलांतील रक्त तुंबते, दाब वाढतो, आणि केशवाहिन्यांतून पाणी भोवतालच्या ऊतींत झिरपते. उभ्या माणसात ते खाली जाते. पण मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असली, तर रक्ताची पाणी धरून ठेवण्याची शक्तीच घटते, आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवतीही सूज दिसते. यकृत बिघडले तर ती प्रथिने पुरेशी तयारच होत नाहीत, आणि पोटात पाणी साठू लागते. एकेक जण एकेक प्रश्न घेऊन ग्रंथालयात जातो, दोन-तीन दिवसांनी परततो आणि मिळालेले उत्तर सोबत्यांना समजावून देतो. शरीररचना, शरीरक्रिया व रसायन हे विषय मग निरनिराळ्या कपाटांत राहत नाहीत; एकाच सुजलेल्या पायापाशी ते एकत्र येतात. मार्गदर्शकाने मात्र उत्तर द्यावयाचे नसते. जन्मभर व्याख्याने दिलेल्या अध्यापकास हे मौन किती जड जात असेल, याची कल्पनाच करावी.

याच विद्यापीठात पुढे आलेले मज्जातंतुतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी कॅलिफोर्नियात असताना १९६३ मध्ये आणखी एक युक्ती योजिली होती. धडधाकट व्यक्तीस शिकवून तिच्याकडून रोग्याची बतावणी करवून घ्यावयाची आणि विद्यार्थ्याने तिला तपासावयाचे. प्रथम काही सहकाऱ्यांना तो पोरखेळ वाटला; आज अनेक देशांतील परीक्षांत तोच प्रकार रूढ आहे.

१९७४ मध्ये नेदरलंडमधील मास्ट्रिख्ट येथे हीच पद्धत स्वीकारली गेली, आणि पुढे ती जगभर पसरली. परंतु तिच्या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवता कामा नये. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन तौलनिक आढाव्यांत असे दिसले की, हे विद्यार्थी रोग्यापाशी किंचित सरस ठरत व अभ्यासात अधिक रमत. मूलभूत शास्त्रांच्या परीक्षेत मात्र ते काहीसे मागे राहत. स्वतःचे अज्ञान विद्यार्थ्यास स्वतःच ओळखता येईल, हा मूळ विश्वास अपुरा होता. जे मुळीच ठाऊक नाही, त्याविषयी प्रश्न तरी कसा सुचावा? मॅकमास्टरनेच पुढे ठराविक काळाने घ्यावयाची ज्ञानचाचणी सुरू केली. तिचे गुण बढतीसाठी नव्हेत, तर कोठे पोकळी आहे ते दाखविण्यासाठी.

भारतात २०१९ पासून वैद्यकाच्या नव्या अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यास रोग्याची ओळख घडविण्याचे ठरविले आहे. दिशा तीच. पण दीडशे विद्यार्थ्यांच्या वर्गाचे सात-सात जणांचे गट पाडावयाचे, तर बावीस खोल्या आणि बावीस मार्गदर्शक एकाच वेळी लागतात, आणि तेही न बोलता ऐकत बसण्यास तयार असलेले.