पित्तखडा आणि रक्त : एक मागोवा

भंडारा रोड हे रेल्वेस्थानक ज्या वरठी गावात आहे, तो पूर्व विदर्भाचा पट्टा सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी ओळखला जातो आणि येथील पित्तखड्यांचा मागोवा घ्यायचा झाल्यास पित्ताआधी रक्ताकडे वळावे लागते. पाठ्यपुस्तकांतील इतिहास मात्र मुख्यतः कोलेस्टेरॉलचा आहे. पित्तातील कोलेस्टेरॉल, पित्तक्षार आणि लेसिथिन हा स्निग्ध पदार्थ यांचे परस्परप्रमाण बिघडले की खडा धरतो, हे अॅडमिरँड व स्मॉल यांनी 1968 मध्ये दाखवले. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून पित्ताचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट अजूनही अनेकांच्या पचनी पडत नाही.

सिकलसेलमधील खड्याची जातच निराळी आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला व सोलंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली आला. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर या रुग्णांची 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशीतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते आणि यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगे करते. हा भार सतत मोठा राहिल्याने पित्तातील न जोडलेल्या बिलिरुबिनचा अंश वाढतो, तो कॅल्शियमशी संयोग पावतो आणि लहान, काळे, कठीण खडे बनतात. तेही पुष्कळदा शाळकरी वयातच.

निदानातील खरी अडचण येथेच आहे. व्हॅन डेन बर्ग यांनी 1916 मध्ये बिलिरुबिनचे ‘डायरेक्ट’ (जोडलेले) आणि ‘इनडायरेक्ट’ (न जोडलेले) असे दोन प्रकार वेगळे केले, ते आजही प्रत्येक रिपोर्टात छापून येतात. सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे बहुधा पिवळसरच असतात, कारण त्याचे इनडायरेक्ट बिलिरुबिन नेहमीच चढे असते. मात्र डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज ही दोन्ही एकाएकी वाढली, तर खडा पित्तनलिकेत सरकल्याचा संशय घ्यावा लागतो. पित्ताशयात निमूट बसलेला खडा रक्तात काहीच खूण ठेवत नाही, तो सोनोग्राफीतच दिसतो.

तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढल्यानंतर ही शस्त्रक्रिया देशात रुळली. सिकलसेलच्या रुग्णांत मात्र भूल देताना प्राणवायू, पाणी आणि शरीराची ऊब सांभाळावी लागते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली असून तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. तपासणीत सिकलसेल निघालेल्या मुलाचे पोट वारंवार दुखत असेल, तर ती सिकलसेलचीच कळ समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवून सोनोग्राफी करून घ्यावी.