अनंताचं फळ

अनंताला फळ धरतं हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यात आपलाही दोष नाही. अंगणात किंवा कुंडीत आपण लावतो तो दुहेरी अनंत. त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे बी धरत नाही आणि रोपं फांद्या लावूनच करावी लागतात.

मूळचा अनंत एकेरी, बहुधा सहा पाकळ्यांचा. दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम इथल्या जंगलांतलं हे सदाहरित झुडूप कॉफीच्या कुळातलं. युरोपात मात्र त्याचं रोप आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपहून पोहोचलं, म्हणून इंग्रजांनी त्याला केपची जाई ठरवून टाकलं. 1761 मध्ये जॉन एलिस यांनी अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्या सन्मानार्थ 'गार्डेनिया' हे शास्त्रीय नाव दिलं.

पूर्व आशियात या झाडाला फुलाइतकाच, किंबहुना अधिकच, मान फळामुळे मिळाला. बोटाच्या पेराएवढं, नारिंगी, उभ्या कंगोऱ्यांचं हे फळ वाळवून ठेवतात. जपानी घरांत नववर्षासाठी रताळं आणि चेस्टनटचा 'कुरी किंतोन' करताना ते फोडून, फडक्यात बांधून रताळ्यांबरोबर उकळतात. रताळी सोनेरी पिवळी होतात. हा रंग क्रोसिनचा, म्हणजे केशरात असतो त्याच द्रव्याचा! कापड रंगवायला आणि चिनी औषधांतही हे फळ शतकानुशतकं वापरात आहे. त्यातल्याच एका घटकापासून मिळणारं जेनिपिन प्रथिनांशी संयोग पावून निळं होतं, त्यामुळे कागदावरचे बोटांचे ठसे उमटवण्यासाठीही ते वापरून पाहिलं गेलं आहे.

आपल्याकडे अनंत लावणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते: पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही बहुतेकदा लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण चुनखडीच्या जमिनीत मुळांना ते घेता येत नाही. अनंताला आम्लधर्मी माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तो खुशीत वाढतो. देशावरच्या काळ्या जमिनीत कुजलेलं शेणखत, पालापाचोळा आणि मुळांना घेता येईल असं चिलेटेड लोह द्यावं लागतं. कुंडीत पाणी साचू देऊ नये.

अनंताची सख्खी भावंडं मात्र आपल्याच रानांत आहेत. डिकेमाली त्यांतलीच. तिच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांशी पिवळसर डिंकाचे थेंब जमतात. बाळाला दात येताना आजीच्या बटव्यातून निघणारी उग्र वासाची डिकेमाली ती हीच.