रानांतील जांभळें भूछत्र : त्याची ओळख व परीक्षा

भूछत्र ओळखतांना सामान्य माणूस प्रथम रंगाकडे पाहतो, आणि त्याची फसगतहि बहुधा तेथेंच होते. याचें उत्तम उदाहरण इंग्लंड, फ्रान्स इत्यादि देशांतील रानांत उगवणारें एक जांभळें भूछत्र होय. इंग्रज लोक त्यास ‘वुड ब्ल्यूइट’ म्हणतात; त्याचें रूढ शास्त्रीय नांव ‘लेपिस्टा नूडा’ असें आहे. बुल्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९० सालीं त्याचें वर्णन केलें. हें भूछत्र वाचकांनीं आपल्या रानांत शोधावें असा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याची परीक्षा करण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांसहि उपयोगी आहे, म्हणून ही माहिती येथें देत आहों.

ओक व बीच यांसारख्या पानझडी झाडांखालीं, कधीं सूचिपर्णी वृक्षांखालीं, तसेंच कुंपणाच्या कडेस व बागेंतील पाल्याच्या ढिगावर तें उगवतें. सप्टेंबर ते डिसेंबर हा त्याचा हंगाम. तें कुजत्या पाल्यावर पोसतें, आणि म्हणूनच फ्रान्समध्यें त्याची लागवडहि करण्यांत आली आहे.

त्याचें छत्र २॥ ते ६ इंच रुंद व गुळगुळीत असतें. कोंवळेपणीं तें जांभळें असून त्याची कड आंत वळलेली असते. जून झाल्यावर मात्र मध्यभागापासून तपकिरी होत जातें. छत्राखालचीं पातीं दाट व जांभळट असतात व पुढें तींहि फिकीं पडतात. देठ जाड व तंतुमय असून त्यावर कडें नसतें. बुडाशीं जांभळट बारीक तंतु असतात व त्यांत पाला गुंतलेला असतो. वास गोडसर येतो. तें नेहमीं शिजवूनच खातात; कच्चें खाल्ल्यास पोट बिघडतें, आणि कांहीं माणसांस शिजविलेलेंहि सोसत नाहीं.

आतां अडचण अशी कीं, त्याच रानांत, त्याच ऋतूंत दुसरीं जांभळीं भूछत्रेंहि असतात. ‘मायसीना प्युरा’ हें लहान व नाजूक असून त्यास मुळ्याचा वास येतो. तें विषारी आहे. ‘लॅकेरिया अमेथिस्टिना’ याचीं पातीं विरळ व देठ बारीक असतो. तें खाण्याजोगें मानतात, पण जमिनींतील सोमल शोषून घेण्याचा गुण त्याचे अंगीं आहे. सर्वांत सांभाळावयाचें तें ‘कॉर्टिनेरियस’ कूळ. यांतील कित्येक जाती आकारानें व रंगानें ब्ल्यूइटसारख्याच दिसतात. त्यांच्या कोंवळ्या छत्राच्या कडेपासून देठापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पडदा असतो; परंतु छत्र उमलल्यावर तो फाटून जातो, व त्याच्या खुणेवर विसंबतां येत नाहीं.

अशा वेळीं बीजाणूंचा ठसा घ्यावा. उमललेलें छत्र देठापासून कापून, पातीं खालीं येतील असें, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावें आणि त्यावर पेला पालथा घालावा. रात्रभर तसेंच राहूं देऊन सकाळीं अलगद उचलावें. पात्यांतून गळलेल्या बीजाणूंची बारीक भुकटी कागदावर दिसते. ब्ल्यूइटचा ठसा फिकट गुलाबी, कॉर्टिनेरियसचा लोखंडाच्या गंजासारखा, तर मायसीना व लॅकेरिया यांचा पांढरा पडतो. छत्राचा रंग वयानें व पावसानें पालटतो. ठशाचा रंग मात्र त्या त्या जातीस ठरलेला असतो.

एवढी खबरदारी कां घ्यावी, हें पुढील गोष्टीवरून कळेल. कॉर्टिनेरियस कुळांतील कांहीं जातींचें विष मूत्रपिंडें निकामी करतें, आणि त्याचीं लक्षणें दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हांहि प्रगट होतात. २००८ सालीं स्कॉटलंडांत कादंबरीकार निकोलस एव्हान्स यांनीं व त्यांच्या आप्तांनीं याच कुळांतील एक तांबूस भूछत्र खाण्याचें समजून खाल्लें. एव्हान्स यांस २०११ सालीं कन्येनें दिलेलें मूत्रपिंड बसवून घ्यावें लागलें.

आपल्याकडेहि पावसाळ्यांत गवताळ जागीं ‘क्लोरोफायलम मोलिब्डायटीस’ नांवाचें मोठें पांढरें भूछत्र उगवतें. दिसण्यांत तें अगदीं निरुपद्रवी. पण खाल्ल्यास थोड्याच तासांत वांत्या व जुलाब सुरू होतात. त्याचा ठसा हिरवट पडतो, व तेवढ्यावरून तें टाकून देतां येतें. मात्र ठशानें भूछत्र नाकारतां येतें, केवळ ठशावरून स्वीकारतां येत नाहीं, हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. गुलाबी ठशाचीं विषारी भूछत्रेंहि आहेत. रूप, वास, देठ, जागा, ऋतु व ठसा हीं सर्व लक्षणें जुळलीं आणि जाणत्या माणसानें खात्री दिली, तरच तें स्वयंपाकघरांत न्यावें.

शिजवितांना चांदीचें नाणें किंवा लसूण टाकून तीं काळीं पडतात कीं काय हें पाहण्याची चाल आहे. ती सर्वस्वी खोटी आहे. किड्यांनीं खाल्लेलें भूछत्र माणसास बाधत नाहीं, ही समजूतहि तशीच. भूछत्र खाल्ल्यावर त्रास होऊं लागल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडतां रोग्यास दवाखान्यांत न्यावें, व उरलेलें भूछत्र सोबत घ्यावें; त्यावरून विषाची जात ठरविण्यास डॉक्टरांस मदत होते.